आम्ही कोणाला काढत नाही

काही माणसं दर आठवड्याला एकत्र बसून मार खाऊ लागली की किस्से आपोआप जमतात. कपाटावर जुन्या पिशव्या जमतात तसे. एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात.

आमचं मार खाणं ऑनलाइन असतं. मोबाइलवरच्या गेममध्ये दहा जणांनी मिळून एखाद्या अजस्र राक्षसावर चाल करून जायचं, त्याला रेड म्हणतात. एकानं पुढे उभं राहून राक्षसाचा मार खायचा, तो टँक. एकीनं सगळ्यांच्या जखमा भरायच्या, ती हीलर. उरलेल्यांनी राक्षसाला झोडायचं. एवढं कळलं की पुरे.

रेड लक्षात कशानं राहते, यावर लोकांनी लांबलचक व्हिडिओ केलेत. किती वेगात जिंकली, कोणती दुर्मीळ तलवार मिळाली, वगैरे. मला मिळालेल्या एकाही तलवारीचं नाव आठवत नाही. जे आठवतं ते सांगते. पटलं तर ठीक, नाही तर बसा तलवारी पुसत.

*

आमच्या गिल्डचं, म्हणजे गटाचं नाव 'भरीत पार्टी'. रावेरला आमच्या शेतात खरोखरची भरीत पार्टी चालली होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, आणि मी, कॉलेजातला माझा ज्युनियर प्रशांत आणि धुळ्याच्या त्याच्या हॉस्टेलची पोरं बांधावर बसून गेम खेळत होतो.

माझे काका, नाना, केळी पॅक करून ट्रक भरून देण्याचं काम करतात. ते हातात वांगं घेऊन आले. "हे कोन सोलीन? बोटं घासून पोट भरते का?"

कोणी उठेना. तेव्हा ते माझ्या मागे उभे राहून बघू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "हा पुढचा कोन?"

"टँक. तो फक्त मार खातो आणि मागच्यांना वाचवतो."

"मंग हा मले दे. व्यापाऱ्यांशी बोलून बोलून मले सवय हाये."

तेव्हापासून नाना आमचे टँक. त्यांची ढाल अजून पहिल्या दिवसाचीच आहे. नवी घ्या म्हटलं की विचारतात, "जुनी फुटली का? नाही ना?" ढाल फुटत नाही. नाना फुटतात, पण ते त्यांना चालतं.

*

ज्योती आमची हीलर. तिची ओळख गेममध्येच झाली. मरायला टेकलेले नाना रस्त्यात पडले होते, तिनं न विचारता त्यांना बरं केलं. नानांनी गेमच्या माइकवर विचारलं, "कोनाची वं तू?"

"साक्रीनी," ती म्हणाली.

साक्रीच्याही पुढे, डोंगराकडच्या गावात ती राहते. बी.ए. करते. गावात नेटवर्क नाही. गावामागच्या टेकडीवर, महूच्या झाडाखाली आहे. शेळ्या घेऊन ती तिथे जाते आणि शेळ्या चरतात तोवर खेळते. ते उजेडातच जमतं, म्हणून आमची रेड रविवारी दुपारी. गेममधले बाकी सगळे रात्री खेळतात आणि आम्हाला हसतात. दुपारी कोण रेड करतं, असं एकानं विचारलं. ज्यांची हीलर टेकडीवर असते ते, असं मी सांगितलं.

वारा सुटला की तिचं नेट जातं. मग गेममधली तिची बाई जिथल्या तिथे पुतळ्यासारखी उभी राहते. मी विचारत राहते, "ज्योती, आहेस का?" परत आली की ती म्हणते, "आठेच शे." इथेच आहे. नाना तिला चिडवतात, "तुमचं आठे नेमकं कुठं असते वं?"

पहिल्यांदा तिचं नेट गेलं ते ऐन लढाईत. शहाणी माणसं अशा वेळी पुतळ्याला सोडून पळतात. नाना जाऊन तिच्यापुढे उभे राहिले. "पोरगी येईन परत. तोवर तिले कोनी हात नाही लावायचा." ते उभे राहिले म्हणून मी उभी राहिले, मी उभी म्हणून प्रशांत. सगळे मेले.

ज्योती परत आली आणि तिला पडलेल्यांचा ढीग दिसला. "मी नव्हते म्हणून सगळे मेले का?"

"नाही वं," नाना म्हणाले. "तू होती म्हनून मेलो."

*

मे महिन्यात आमच्याकडे फोन हातात धरवत नाही. सुट्टीत घरी गेलेला प्रशांत ओल्या फडक्यावर ठेवून खेळायचा, मग माठावर ठेवून. एका रविवारी तो "ताई, फोन तापी गया" असं म्हणाला आणि पुढे काही बोललाच नाही. त्याचा योद्धा भिंतीकडे तोंड करून चालत राहिला.

थोड्या वेळानं त्याच्या फोनमधून घुर्रर्र असा आवाज येऊ लागला. मग लांबून त्याची आई, "फ्रिज उघडू नका रे कोणी, दादाचा फोन गार होतोय."

तो राक्षस आम्ही मारला. प्रशांत परत आला तेव्हा नाना म्हणाले, "आज चांगला खेळला गड्या. कोनाच्या मंधी नाही आला."

*

आता वज्र.

हॉस्टेलच्या एका पोराची परीक्षा होती. जागा भरायला मी एका मोठ्या गिल्डचा माणूस घेतला. गेममधलं नाव वज्र, राहणार कुठल्या तरी मोठ्या शहरात. महागडा फोन, महागडी तलवार. लढाईच्या मध्यात ज्योतीचं नेट गेलं, आम्ही नेहमीसारखे तिच्याभोवती उभे राहिलो, आणि हा बघतच राहिला. ज्योती नुकती "आठेच शे" म्हणत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "इस हीलर को निकालो यार. पूरी टीम एक लड़की के नेटवर्क के लिए मर रही है." मग मला म्हणाला, "तुम अच्छी लीडर हो. हमारे गिल्ड में आओ, ये गाँव की भीड़ छोड़ो."

ज्योती सगळं ऐकत होती.

रेडमधून माणूस बाहेर काढायचं बटण फक्त लीडरकडे असतं. भरीत पार्टीत ते आजवर एकदाच दाबलं गेलंय. त्या दुपारी, वज्रवर.

त्यानं जाता जाता मेसेज टाकला. 'इसके साथ पहाड़वाला कभी नहीं मरेगा.' पहाडवाला म्हणजे गेममधला शेवटचा, सगळ्यात मोठा राक्षस.

मी तो मेसेज वाचून दाखवला. नाना म्हणाले, "नसो मरत. आपल्याले कुठं त्याच्या वावरात पेरायचं हाये."

*

पण ज्योती यायची थांबली. 'ताई, दुसरी हीलर बघा. माझ्यामुळे तुम्ही हरता,' एवढाच मेसेज.

माझं डोकं फिरलं. मी जळगावला डाळ मिलच्या ऑफिसात असते. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी तिला पानभर लिहिलं. टॉवर कोणाच्या गावात उभा करायचा हे तू ठरवलं नाहीस. ज्यांनी ठरवलं त्यांनी लाजावं, तू का लाजतेस? दोष टेकडीचा नाही, तुझा तर नाहीच. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. तिनं उत्तर दिलं नाही.

नानांनी तिला फोन केला. "येत्या रविवारी मी पहाडवाल्याचा मार खानार हाये. निदान पाहाले तरी ये."

ती आली.

*

पहाडवाल्याचं असं आहे. लढताना एक जळता दगड पायथ्यापासून डोंगरमाथ्यावर न्यायचा. दगड धरलेल्या माणसाची ताकद झरझर उतरते. आणि दगड जमिनीला टेकला की राक्षसाच्या सगळ्या जखमा भरून येतात. म्हणून मोठी गिल्डं आपला सगळ्यात दणकट गडी निवडतात आणि दगड शेवटपर्यंत त्याच्याकडेच ठेवतात.

आमच्यात दणकट कोण? पण केळीच्या बागेत घड कसा निघतो हे मी लहानपणापासून पाहिलंय. कापलेला घड जमिनीला टेकू देत नाहीत, डाग पडतो. एकाचा खांदा दमला की दुसरा शेजारी येऊन आपला खांदा खाली घालतो. मी म्हटलं, तसंच करू.

"म्हंजे मालच भरायचा हाये," नाना म्हणाले. "आधी नाही का सांगायचं."

दगड या हातातून त्या हातात वर सरकू लागला. हॉस्टेलची पोरं एकेक करून पडली. प्रशांतनं दगड माझ्या हातात दिला आणि तोही पडला. माझी ताकद संपत आली तशी ज्योती शेजारी आली आणि तिनं घेतला. माथा समोर दिसत होता. आणि ती थांबली.

"ज्योती, आहेस का?"

काही नाही. दगड धरून पुतळा उभा. त्याची ताकद उतरतेय, आणि मागून पहाडवाला वर चढतोय.

तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर चौकोन आला. 'सदस्य प्रतिसाद देत नाही. बाहेर काढायचे?' दगड धरलेल्याला काढलं की दगड लीडरच्या हातात येतो. माथा चार ढांगांवर होता. फक्त जिंकणाऱ्यांच्या यादीत ज्योतीचं नाव आलं नसतं.

मेलेल्या प्रशांतचा आवाज आला. "ताई, ते बटन दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग?"

"दिसू दे."

नाना उतरणीकडे तोंड करून ज्योतीपुढे उभे राहिले. तीच जुनी ढाल. पहाडवाल्याचा एकेक तडाखा बसत होता आणि ते म्हणत होते, "हाये. हाये अजून." मी हीलर नाही, पण माझ्याकडच्या औषधाच्या बाटल्या पुतळ्यावर ओतत राहिले. शेवटची ओतली. चौकोन तसाच लुकलुकत होता.

मग कानात वाऱ्याचा आवाज आला. शेळी ओरडली.

"आठेच शे."

"मंग चाल," नाना म्हणाले.

ती चालली. दगड माथ्यावर ठेवला गेला आणि पहाडवाला उतरणीवरून गडगडत खाली गेला. स्क्रीनवर नावं आली. दहाच्या दहा.

मग ज्योतीनं हळूच विचारलं, "ताई, मधे माझं नेट गेलं होतं. फार वेळ गेलं होतं का?"

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "नाही वं पोरी. आमी जरासे बसेल होतो."