रेस सोडताना येणारा आवाज

मी लोकांच्या घरी जाऊन रक्त घेते. एका लॅबसाठी हे काम करायला लागून आता नऊ वर्षं झाली. सकाळी सहाला कात्रजहून स्कूटर काढायची, उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या माणसांच्या घरी एकामागून एक जायचं आणि दहाच्या आत नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. या कामात उशीर झालेला कोणालाच चालत नाही. सकाळचा चहा अडलेला माणूस किती तिरकस बोलू शकतो, हे पुण्यात राहून मला चांगलं कळलंय.

माझी स्कूटर अकरा वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिने आवाज काढायला सुरुवात केली. पहिल्यांदा स्वारगेटच्या पुलावरून उतरताना मागे एकदम फटाका फुटल्यासारखं झालं. मला वाटलं, कोणाचा तरी टायर फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, आणि या वेळी शेजारच्या बाइकवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा लक्षात आलं की ही आपलीच गाडी आहे.

घराजवळच्या मेकॅनिककडे नेली. त्याने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, गाडी उभ्या उभ्या सुरू करून दाखवली. उभी असताना ती अगदी शहाण्यासारखी चालली. चार दिवसांनी पुन्हा आवाज. मग त्याने कार्बोरेटर साफ केला. तरीही आवाज. "जुनी गाडी आहे मॅडम, थोडंफार करणारच," असं तो म्हणाला आणि मीही ते मान्य करून टाकलं. नवरा म्हणत होता की दुसरीकडे दाखव. मी दाखवते दाखवते म्हणत होते. सकाळी वेळ नसायचा आणि दुपारी अंगात त्राण नसायचं.

पण गाडी चालवताना कान सतत मागे असायचे. आवाज कधी येईल याचा नेम नव्हता. सिग्नलला, दवाखान्यासमोर, कधी एखाद्या म्हाताऱ्या बाईला ओलांडून जाताना. मी खांदे आवळून गाडी चालवायला लागले होते. आवाज झाला की लोक वळून बघायचे आणि मीही त्यांच्यासारखीच इकडेतिकडे बघायचे, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

कसबा पेठेतल्या एका गल्लीत एक काका राहतात. कोर्टातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या हृदयातली एक झडप कृत्रिम आहे. त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना जन्मभर घ्यावी लागते, आणि ते जास्त पातळ झालंय का हे बघायला महिन्यातून एकदा मी जाते. माझी वेळ साडेसातची. काका सात पंचवीसला खाली दारात येऊन उभे राहतात. मला दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळ बघत म्हणतात, "आलात का? मी म्हटलं, आता जेवूनच घ्यावं."

त्या दिवशी मी वेळेवर होते. गल्लीच्या वळणावर मी रेस सोडली आणि मागे प्रचंड मोठा आवाज झाला. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे तो दुप्पट घुमला. समोर काका पायरीवर उभे होते. ते दचकले, त्यांचा पाय सुटला आणि ते बाजूला पडले. पडताना डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

मी गाडी तशीच टाकून धावले. कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ यायला लागलं होतं. रक्त आलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर बाहेर काही दिसत नाही. रक्तस्राव आत होतो, तो तासाभराने कळतो, कधी दुसऱ्या दिवशी कळतो. हे मला माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं. ते उठून बसले आणि धोतर झटकत म्हणाले, "काही झालेलं नाही. चला, रक्त घ्या."

त्यांची सून धावत खाली आली. तिने समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे बघितलं. दुकानाचं शटर अर्धवट उघडं होतं आणि दुकानदार त्याखाली उभे होते. "पुन्हा शटर आपटलं ना?" ती म्हणाली. काका म्हणाले, "पंधरा वर्षं सांगतोय त्या माणसाला. बहिरा आहे आणि आता आम्हाला मारणार."

मी तोंड उघडलं होतं. ते मला स्पष्ट आठवतं. पण मी जे बोलले ते दुसरंच होतं. मी म्हणाले, "काकांना आत्ताच्या आत्ता स्कॅनसाठी न्यायला हवं."

काका तयार नव्हते. मी त्यांना समजावलं, सुनेला समजावलं, शेवटी स्वतःच रिक्षा थांबवली. बाकीच्या घरांसाठी मी लॅबमधल्या मैत्रिणीला फोन केला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडले? सून म्हणाली, समोरच्यांनी शटर जोरात आपटलं, त्याने दचकले. मी तिच्या शेजारी उभी होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. 

स्कॅन चांगला आला. पण डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. चोवीस तास लक्ष ठेवा, आणि डोकं दुखलं, उलटी झाली किंवा बोलणं अडखळलं तर लगेच या. काकांनी दवाखान्यात राहायला साफ नकार दिला. आम्ही बाहेर आलो तेव्हा फाटकाशी ते भांडीवाले उभे होते. आत यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. त्यांनी सुनेला हात जोडले. ती त्यांच्याकडे न बघता रिक्षात बसली. मी मात्र त्यांच्याकडे बघितलं, आणि मग मीही रिक्षात बसले.

दुपारी माझी गाडी आणायला मी पुन्हा त्या गल्लीत गेले. कोणीतरी ती उचलून भिंतीला लावून ठेवली होती. ती सुरू करायचं मला धाडस होईना. इंजिन बंद ठेवून ढकलत निघाले. पुढच्या वळणावर एक गॅरेज आहे, खरं तर एक खण आणि बाहेरचा फूटपाथ. तिथले चाचा साठीच्या पुढचे आहेत. त्यांचे वडीलही त्याच जागी सायकली दुरुस्त करायचे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला गाडी ढकलताना बघून त्यांनी विचारलं, "पेट्रोल संपलं का ताई?"

मी म्हणाले, "नाही. आवाज करते."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. आधी स्टूल पुढे केलं आणि प्रश्न विचारायला लागले. आवाज रेस देताना येतो की सोडताना? गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? आधी कोणी काय काय केलं? इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी विचार केला आणि माझं मलाच नवल वाटलं. प्रत्येक वेळी तो रेस सोडतानाच आला होता. पुलाच्या उतारावर, सिग्नलला, वळणावर.

"मग प्लग बदलून काय होणार?" चाचा म्हणाले. "सायलेन्सर कोणी उघडला होता का?"

उघडला होता. दिवाळीच्या आधी घराजवळच्या मेकॅनिकने तो साफ केला होता. आणि त्याच वेळी मी त्याला म्हणाले होते की गाडीचं मायलेज जरा वाढवून द्या. हे आठवलं तेव्हा मी ते चाचांना सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले.

एका डब्यात त्यांनी साबणाचं पाणी केलं. सायलेन्सर इंजिनला जिथे जोडलेला असतो तिथे ब्रशने ते पाणी लावलं. मग गाडी सुरू केली आणि ओलं फडकं गुंडाळून सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबून धरलं. त्या जोडापाशी बुडबुडे फुटायला लागले. एवढ्या महिन्यांची भीती तिथे साबणाच्या फेसासारखी दिसत होती. गाडीचा आवाज मला अजिबात सहन होत नव्हता. मी दोन पावलं मागे सरकून उभी होते.

त्यांनी मला समजावून सांगितलं. रेस सोडली की थोडं पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जातं. एरवी ते तसंच बाहेर निघून जातं. पण जोडातून बाहेरची हवा आत आली तर ते तिथेच पेटतं. मेकॅनिकने सायलेन्सर बसवताना जोडात बसणारं जुनंच पॅकिंग परत घातलं होतं, ते दबून फाटलं होतं, आणि एक नट तिरका आवळला होता. शिवाय मायलेजसाठी त्याने पेट्रोल कमी आणि हवा जास्त करून ठेवली होती. त्याने आगीत तेल ओतल्यासारखं झालं होतं. नवीन पॅकिंग नाना पेठेतून आणावं लागणार होतं. गाडी उद्या सकाळी, असं ते म्हणाले.

मी बसने घरी गेले. संध्याकाळी सातला सुनेला फोन केला. काका जेवले, टीव्ही बघतायत. नऊला पुन्हा केला. झोपले. नवऱ्याने विचारलं, काय झालंय तुला? एक पेशंट पडले, एवढंच मी सांगितलं. त्याने गाडीचं विचारलं तेव्हा म्हणाले, पॅकिंग गेलंय. दोन्ही गोष्टी मी त्याला वेगवेगळ्या सांगितल्या.

सकाळी साडेसहाला फोन केला तर सुनेने उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मिळेल त्या पहिल्या बसने निघाले. सगळ्या रस्त्याने माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता: पडल्याला तेवीस तास, पडल्याला साडेतेवीस तास. गल्लीत पोचले तर दाराला कुलूप. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, रात्री डोकं दुखायला लागलं म्हणून पहाटेच त्यांना घेऊन गेलेत.

 समोर भांड्यांचं दुकान उघडं होतं आणि दुकानदार आत पाठ करून बसले होते. एरवी तिथे आठच्या आत गिऱ्हाईक नसतं, पण ते बसले होते. मला त्यांच्यासमोरून जावंसं वाटलं नाही. मी चाचांच्या गॅरेजपाशी जाऊन उभी राहिले.

ते माझ्याच गाडीचं काम करत होते. जुनं पॅकिंग त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. एका बाजूने ते काळं होऊन चिरलं होतं. मी ते बोटांत फिरवत राहिले. चाचांनी बहुतेक ओळखलं. ते काम करता करता म्हणाले, "काल त्या काकांच्या दारात तो आवाज तुमच्या गाडीचा होता ना?"

मी हो म्हणाले.

"मला ऐकू आला होता," ते म्हणाले. "शटरचा आवाज तसा नसतो."  मग त्यांनी नट आवळला, स्क्रू फिरवून हवा-पेट्रोल ठीक केलं आणि मला मागे बसवून नदीवरच्या पुलावर नेलं. उतारावर त्यांनी मुद्दाम रेस दिली आणि एकदम सोडली. मी डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. पुन्हा दिली, पुन्हा सोडली. फक्त इंजिन हळू झाल्याचा आवाज.

आम्ही परत आलो तेव्हा काकांना घेऊन आलेली रिक्षा दारात उभी होती. सून उतरत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि लांबूनच सांगितलं की दुसरा स्कॅनही स्वच्छ आहे. डोकं बाहेरच्या मारानेच दुखत होतं. फोन घाईत घरीच राहिला होता.

मला तिथेच रडू आलं असतं. पण मी पुढे गेले आणि काकांना सांगितलं, की काल तो आवाज शटरचा नव्हता, माझ्या स्कूटरचा होता, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. रिपोर्ट चांगला आल्यावर हे सांगणं सोपं होतं, हे मला कळत होतं. आदल्या दिवशी, दवाखान्यात डॉक्टर विचारत असताना सांगितलं असतं तर त्याला काही अर्थ होता.

सुनेचा चेहरा उतरला.  मला वाटलं, आता काका म्हणतील, उद्यापासून दुसऱ्या कोणाला पाठवा. मी त्याची तयारीही केली होती.

"म्हणजे," ते म्हणाले, "काल दिवसभर मी त्या माणसाला जे बोललो ते सगळं वाया गेलं."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझी कसली मागताय? मी पडलो, उठलो. चला आता तिकडे. मला एकट्याला जमणार नाही, सवय नाही."

काठी टेकत ते समोर गेले आणि मी त्यांच्या मागोमाग. दुकानदार घाईघाईने उठून उभे राहिले आणि कोणी काही बोलायच्या आधीच सांगायला लागले, की कालच संध्याकाळी शटरला ग्रीस लावून घेतलंय, आता आवाज होणार नाही. मी त्यांना मध्येच थांबवून खरं काय ते सांगितलं. त्यांना आधी कळेना. मग ते हळूहळू खाली बसले.

"शटरही माझ्या हातून सुटलं होतं," ते म्हणाले. "त्याच वेळी. मला वाटलं, झालं, माझ्या हातून माणूस गेला."  रात्रभर ते खिडकीतून समोरच्या दिव्याकडे बघत होते आणि पहाटे रिक्षा आली तेव्हा खाली उतरायची त्यांना हिंमत झाली नव्हती. माझ्यासारखेच तास त्यांनीही मोजले होते, आणि त्यांचे तास मी एका वाक्यात वाचवू शकले असते.

मी त्यांचीही माफी मागितली. ती त्यांनी मान हलवून घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना दोष देता येणार नाही. काका एका पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसायला बघत होते, तर दुकानदारांनी आतून खुर्ची आणली.  काका म्हणाले, "ग्रीस लावलंय म्हणता? बघू, खाली ओढा जरा."

दुकानदारांनी शटर ओढलं. ते कुरकुरलं.

"काही फरक नाही," काका म्हणाले, आणि खुर्चीत नीट टेकून बसले.

मला निघावं लागलं. शनिवार पेठेत दोन घरी लोक उपाशी बसले होते आणि साडेआठ होऊन गेले होते.