हरभऱ्यावरचा तंबू

आमच्या यांना तळ्यांचा नाद आहे. दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळतात, प्लॉट घेतात. आमचे हे दिवाळी उरकली की गाडीच्या डिकीत तंबू टाकून बालाघाटच्या डोंगरात पाणी शोधत हिंडतात. धाराशिवकडं पाणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला टँकरच आठवतो. पण पाऊसकाळ बरा झाला की इथं डोंगराच्या घळीघळीत साठवण तलाव भरतात, आणि कार्तिकातल्या थंडीत त्यांच्या काठावर बसणं लाख मोलाचं असतं. हे मी कबूल करते. तळ्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तिथल्या स्टोव्हवर.

इतकी वर्षं मी यांच्याबरोबर गेले, पण मला आठवतं ते काय? वाऱ्यानं विझणारा स्टोव्ह, दगडांवर डुगडुगणारी कढई आणि गार पाण्यात राखेनं घासलेली भांडी. हे पाण्याकडं बघत, ‘अगं, काय सूर्यास्त आहे, ये की’ म्हणायचे, आणि मी कांदा चिरत म्हणायची, ‘आले.’ कधी गेले नाही. सूर्य काय थांबतोय होय माझ्यासाठी! घरच्या ओट्याजवळ निदान नळ तरी आहे.

जागा निवडायचं यांचं एक शास्त्र आहे, आणि ते खोटं नाही. तंबू ओल्या काठापासून बराच वर, मुरमाड जागेवर ठोकायचा. जनावरं पाण्याला उतरतात ती वाट सोडायची. बाभळीखाली जायचं नाही, काटा खालून पाठीत घुसतो. जिथं शेताच्या मोटारी धडधडतात तिथं थांबायचं नाही. येडशीकडं अभयारण्य आहे, तिथं मुक्काम करू देत नाहीत. देवळाजवळचं तळं घेतलं तर पहाटेपासून स्पीकर. असं गाळत गाळत हे दरवर्षी एक तळं काढतात. यंदाच्या तळ्याचं नाव मी सांगणार नाही. लोक येतात आणि पत्रावळ्या टाकून जातात. पण या सगळ्या शास्त्रात चूल कुठं मांडायची, हे कलम एकदाही आलं नाही.

यंदा मी पार मेटाकुटीला आले होते. मी शाळेत शिकवते. सहामाहीचे पेपर तपासून होतात न होतात तोच फराळ, फराळ होतो तोच पाहुणे. सुट्टी शाळेला असते, मला न्हाय. पाहुण्यांची शेवटची गाडी गेली तेव्हा मी दारातच पायरीवर बसले आणि मला उठावंसंच वाटेना. त्यात हे म्हणाले, ‘रविवारी निघू या का?’

मी म्हटलं, ‘येते. पण यंदा स्टोव्हला हात लावणार नाही. जागा मी निवडणार, खिचडी तुम्ही करणार, आणि मी पाण्याकडं तोंड करून बसणार. एक संध्याकाळ. बास.’

यांनी मान डोलावली. बोलायला पैसे पडत नाहीत, असं मला तेव्हा वाटलं, पण हे खरंच किराणा आपल्या हातानं भरायला बसले. मला तेवढ्यानंच रडू आलं. एका संध्याकाळसाठी माणसानं इतकं आसुसावं का, याची लाजही वाटली.

तळ्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हे सवयीनं वरच्या मुरमाकडं निघाले. मी मात्र खाली पाण्याजवळ गेले. पाणी उतरून मोकळी झालेली जागा होती, काळीभोर, सपाट आणि मऊ. पाय ठेवला की अलगद रुतायचा. काठाला धरून बारीक रेघा गेल्या होत्या. पाणी हळूहळू मागं हटताना उठलेल्या रेघा असणार, असं मी धरून चालले.

‘इथंच,’ मी म्हटलं.

‘अगं, ओल लागेल. शिवाय मला ही माती—’

‘जागा कोण निवडणार होतं?’

हे खुंट्या घेऊन खाली आले. तंबू ठोकला, सामान ओढत आणलं, चार वेळा वरखाली झालं. मी चटई अंथरली, पाण्याकडं तोंड केलं आणि टेकले. आहाहा! पलीकडं डोंगर, मधे बगळे, कुणी हाक मारायला नाही. पाच मिनिटं झाली असतील नसतील.

‘अवो बाई! काय करायलाव तिथं? हरभऱ्यावर बसलाव की!’

बांधावरून एक बाई झपाझप येत होती. साठीची असेल, कासोटा घट्ट, कमरेला खुरपं, डोक्यावर गवताचा भारा. तो तिनं खाली टाकला आणि आमच्या तंबूकडं नुसती बघत उभी राहिली. मी पाय उचलून चपलेचा तळ बघितला. चिखलात फुगलेला हरभरा चिकटला होता, त्याला पांढरा कोंब फुटलेला.

आता सांगायलाही जीभ धजत नाही. माझं माहेर तामलवाडीकडचं, शेतकऱ्याचं. तळ्याचं पाणी उतरेल तसतसं मागं उघड्या पडलेल्या गाळात पेरत जायचं, त्याला गाळपेर म्हणतात, हे मला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक. माझे वडील गुडघाभर चिखलात उभं राहून हरभरा टाकायचे आणि आम्ही लेकरं काठावरून जनावरं हाकलायचो. त्या रेघा पाण्याच्या नव्हत्या, पेरणीच्या होत्या. काकऱ्या! शहरातल्या माणसाची चूक एक वेळ समजू शकते. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती? पण खरं सांगते, मी इतकी दमले होते की मला त्या मातीत पेरणी दिसलीच नाही. बिछाना दिसला.

‘मावशी, चुकलं माझं,’ मी म्हटलं. ‘शेतकऱ्याचीच लेक आहे मी. मला कळायला पाहिजे होतं.’

‘मंग तर लईच चुकलं,’ ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही, दमलेल्या आवाजात म्हणाली, ‘आठ दिस झाले वाकून वाकून टोकलंय. माझ्या एकटीच्यानं.’

यांनी पटापट खुंट्या उपटल्या आणि तंबू मुकाट्यानं वरच्या मुरमावर नेला. ‘मी म्हटलं नव्हतं का?’ हे वाक्य त्यांच्या ओठावर होतं, ते त्यांनी गिळलं. देव त्यांचं भलं करो. मी मावशींना विचारलं, ‘बी आहे का थोडं?’ त्यांनी ओच्यातून दोन मुठी हरभरा काढला, एक मूठ माझ्या हातात दिली.

मग आम्ही दोघी उकिडव्या बसलो. बोटानं भोक करायचं, दोन दाणे टाकायचे, माती लोटायची, पुढं सरकायचं. पाच काकऱ्या तुडवल्या गेल्या होत्या. कंबर मोडायला आली. वरून खिचडीचा वास येत होता, आधी चांगला, मग करपल्याचा. ‘अगं, मीठ कुठाय?’ अशी हाक आली. मी ओ दिली नाही. सूर्य टेकला तेव्हा मी माती लोटत होते. यंदाही गेलाच की हातचा, म्हणून मला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. हात मातीचे, पुसायची सोय नव्हती.

शेवटचा दाणा टाकून मावशी उठल्या. माझ्याकडं बघितलं त्यांनी. ‘तुमी कशाला आलता हितं?’

‘बसायला,’ मी म्हटलं.

‘कशाला?’

‘बसायला. नुसतं. पाण्याकडं बघत.’

मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. ‘बसा मंग की,’ म्हणाल्या आणि मला बांधावर बसवून स्वतःही शेजारी टेकल्या. अजून थोडा उजेड होता. पाणी तांबूस होऊन हळूहळू काळं पडत होतं. मी बघत होते. आणि जरा वेळानं ध्यानात आलं, माझे हात नखांतली माती कोरत होते. मावशींचे हात बसल्या जागी बांधावरचं गवत उपटत होते. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले. ते बघून त्यांनीही मूठभर गवत खाली टाकलं आणि हात पदराखाली घेतले.

‘या तळ्याच्या काठाला माझा जलम गेला,’ त्या म्हणाल्या, ‘पर असं बसले न्हवते कवा.’

बगळे उठून गेले. वरून यांनी जेवायला हाक मारली, दोघींनाही. आम्ही दोघीही हललो नाही. मावशी जरा चुळबुळल्या, गवताच्या भाऱ्याकडं नजर टाकून परत पाण्याकडं वळल्या आणि मग अगदी हळू, मला काही तरी ठाऊक असेल अशा विश्वासानं, त्यांनी विचारलं,

‘बाई, किती येळ बसायचं असतंय?’

माझी पन्नाशी उलटली. मला सांगता आलं नाही.