तळ घासल्याची खबर

हार्मेन टेर हॉर्स्टचा जन्म बार्जवरचा. चालायला लागला तेव्हा पाण्यात पडू नये म्हणून आई त्याच्या कमरेला दोरी बांधून ठेवायची. सहाव्या वर्षी त्याला तांडेलांच्या मुलांच्या वसतिगृहात घातलं, पण सुट्टी लागली की तो पुन्हा नदीवर हजर. पुढे पंचेचाळीस वर्षं त्यानं वाल नदीतून रेती आणि खडी वाहिली. आपल्याला दुसरं काहीच येत नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. नदी मात्र त्याला येत होती. उथळावर पाण्याचा रंग किंचित फिका पडतो, तो त्याला लांबूनच दिसायचा.

निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको तोस, दोघं नायमेखेन शहरात बंधाऱ्यालगतच्या घरात राहू लागले. मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, दोन वर्षं बरी गेली आणि रक्तातला आकडा पुन्हा चढू लागला.

"कुठेतरी शिल्लक आहे," डॉक्टर म्हणाले, "बहुतेक एखाद्या लसिकाग्रंथीत. पण इतकं लहान की नेहमीच्या फोटोत दिसत नाही. सापडलं तर नेमकं तिथेच किरण देता येतील. नाहीतर जन्मभर इंजेक्शनं घेऊन दाबून ठेवायचं."

त्या इस्पितळात तेव्हा एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सलाईनमधून हळूहळू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय काढायचा. निरोगी ग्रंथी ते कण गिळतात आणि फोटोत काळ्या दिसतात. कॅन्सर असेल तिथे कण शिरत नाहीत, तेवढी जागा पांढरी राहते. हार्मेनचा नंबर एकतिसावा होता. संमतीच्या कागदावर एक ओळ होती, की तीव्र त्रास झाल्यास औषध बंद करून रुग्णाला चाचणीतून वगळण्यात येईल. ती त्यानं तीनदा वाचली.

ऑक्टोबरातली सकाळ. दोरीन नावाच्या नर्सनं सुई टोचली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. तोसनं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, कॉफीबरोबर प्रत्येकाला एकेक दिलं आणि झाकण दाबून बसवलं.

"तुमच्या घरीही डबा इतक्या लवकर बंद होतो का, तांडेल?" दोरीननं विचारलं.

"सिस्टर, घरी तर मी तो उघडा पाहिलेलाच नाही."

"बोल, बोल. तेवढंच येतं तुला," विणकामावरून नजर न उचलता तोस म्हणाली.

दहा मिनिटांनी हार्मेनची कंबर धरली. सांडशीत पकडावी तशी. कपाळ ओलं झालं. त्यानं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"कसं वाटतंय?"

"झकास."

तोसच्या सुया थांबल्या. "झकास म्हणे! बोमेलच्या वळणावरसुद्धा झकासच होतं ना तुझं?"

 तीस वर्षांपूर्वीच्या एका कोरड्या उन्हाळ्यात बोमेलच्या वळणावर हार्मेनच्या बार्जचा तळ घासला होता. अशा वेळी ताबडतोब वायरलेसवर सांगायचं, म्हणजे मागून येणारे सावध होतात, ही नदीवरची रीत. पण सांगणाऱ्याला लाज वाटते ती वाटतेच. चांगला तांडेल घासतोच कशाला? हार्मेन बोलला नाही. वीस मिनिटांनी तोसचा भाऊ खेरलोफ त्याच जागी अडकला, बार्जला भोक पडलं, आणि सहा दिवस ती तिथंच रुतून होती.

"नदीवर मागून कुणीतरी येत असतं," हार्मेन पुटपुटला. "इथं कोण आहे माझ्यामागे?"

दोरीनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सरळ उत्तर दिलं. "दुपारी दोनला बत्तिसावा येतोय. शाळामास्तर आहे. का?"

ती कागदावरची ओळ हार्मेनच्या डोळ्यांपुढे आली. आत्ता बोललो तर फोटो गेला, आणि फोटो गेला तर जन्मभराची इंजेक्शनं. त्यानं एकदा तोसकडे पाहिलं.

"सिस्टर, तळ घासतोय. कंबर. पाच मिनिटं झाली."

दोरीननं एका हातानं सलाईन बंद केलं आणि दुसऱ्या हातानं बेल दाबली. डॉक्टर आले, रक्तदाब घेतला, पाठ चाचपली. पंधरा मिनिटांत कळ ओसरली.

"मला काढणार ना आता?" हार्मेननं विचारलं.

"याला तीव्र म्हणत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "निम्म्या वेगानं पुन्हा सुरू करू."

दोरीन वेळ लिहीत होती. मान वर करून म्हणाली, "पण पुन्हा झकास म्हणालात, तर मात्र मी स्वतः काढीन."

उरलेलं औषध निम्म्या वेगानं गेलं, आणि कंबर पुन्हा धरली नाही.

आठवड्यानं डॉक्टरांनी फोटो दाखवला. ओटीपोटात काळे ठिपके होते, आणि त्यांच्यात मसुरीच्या दाण्याएवढा एक पांढरा. डॉक्टरांनी बोट ठेवायच्या आधीच हार्मेनचं बोट तिथे गेलं होतं.

"उथळ," तो म्हणाला.

"एकच आहे. आणि किरण पोचतील अशा जागी आहे."

तोसनं रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि सर्दी झालीय असं सांगितलं.

तिथून दोघं दोरीनला शोधत गेले. काय म्हणायचं ते हार्मेननं वाटेत ठरवलं होतं, पण ती समोर आल्यावर त्यातलं काहीच आठवेना. शेवटी तोसनंच डबा पुढे केला. दोरीननं एक बिस्कीट घेतलं. सवयीनं तोसचा हात झाकणाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"आणखी एक घे गं," ती म्हणाली.

दोरीननं दुसरंही घेतलं.

"आणि तो बत्तिसावा?" हार्मेननं विचारलं.

"मास्तर? त्याला पहिल्यापासूनच निम्म्या वेगानं दिलं, तुमच्यामुळे. पाच मिनिटांत घोरायला लागला. मला वाटलं, तोच मला गोष्ट सांगेल, तर मीच दीड तास भिंत बघत बसले."

हार्मेन खूप वेळ हसत राहिला. मग टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, "सिस्टर, तुमचे फार उपकार झाले."