मूळपेशींची फाईल आणि आबांचं पाणी

घरात कुणी आजारी पडलं की मी आधी वही उघडते. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हाही जालन्याच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून मी यादी केली: रिपोर्ट, औषधं, कुणाकुणाला फोन, डबा कोण आणणार. रडायचं राहून गेलं.

आबा वाचले. पण हृदयाचा एक भाग मेला होता आणि तो स्नायू परत उगवत नाही, तिथं व्रण राहतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला हे पटेना. बदनापूरला माझ्या घरी आल्यावर शोधाशोध केली आणि मूळपेशींच्या उपचाराबद्दल वाचलं. पुढच्या तपासणीला प्रश्नांचं अख्खं पान घेऊन गेले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अस्थिमज्जेतून मूळपेशी काढतात, किंवा प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवतात आणि दुखावलेल्या जागी सोडतात. बऱ्याचशा पेशी तिथं टिकत नाहीत. पण जाता जाता आसपासच्या स्नायूला सावरायला मदत करत असाव्यात, असं दिसतंय. किती, ते अजून पक्कं नाही. चाचण्या चालू आहेत. पैसे घेऊन लगेच करून देतो असं कुणी म्हणालं, तर मात्र जाऊ नका."

आबा कान देऊन ऐकत होते. आई आणि ते वडीगोद्रीजवळच्या आमच्या मळ्यात राहायचे; तिथंच त्यांची मोसंबीची बाग आणि रोपवाटिका. जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बसवून कलमं करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

"म्हंजे डोळा भरल्यासारखंच की," ते म्हणाले. "माझे तरी समदे डोळे कुठं जगतात? पण खुंट हिरवा लागतो, डॉक्टर."

"तेच तुमच्याकडे काम आहे, आबा. खुंट जपा. मीठ कमी, आणि पाणी दिवसाला दीड लिटर. त्याच्यावर नाही."

दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात अशी चाचणी सुरू होणार होती. मी अर्ज केला. अट अशी, की आधीचे काही महिने प्रकृती स्थिर हवी, हृदयासाठी पुन्हा भरती झालेलं चालणार नाही. मी फाईल केली, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. आबांनाही जायचं होतं. हृदयावर कलम कसं करतात ते त्यांना बघायचं होतं.

अडत होतं फक्त पाण्यावर. डिसेंबर लागला होता. मी सुट्टीच्या दिवशी मळ्यात गेले, तर आबा वैतागलेले.

"पाण्यावाचून माणूस राह्यतो का? तुझे डॉक्टर मला वाळवून राह्यलेत, माय."

माझी एसटी गाठायची घाई होती. समोर बाग ताणावर सोडलेली. आंब्या बहार धरायचा म्हणून डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात, पानं मलूल होतात, मग जानेवारीत पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलतं. मी उभ्या उभ्या म्हणाले, "आबा, झाडाला ताण देता न्हाई का? तसंच समजा."

आबांचा चेहरा उजळला. "आस्सं सांग की! डॉक्टर बहार धरून राह्यलेत माझ्यावर."

त्यांनी एका बाटलीवर चुन्याने रेघ मारली आणि दिवसभराचं पाणी तेवढ्यात भागवायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "सध्या ताणावर हाय मी." वहीत मी लिहिलं, 'पाणी: समजावलं', आणि पुढे बरोबरची खूण केली. दर रविवारी मी फोनवर विचारायचे.

"आबा, पाणी?"

"बिलकुल बराबर."

जानेवारीतही तेच उत्तर आलं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. माझं लक्ष रुग्णालयाच्या पत्राकडे होतं.

मग एका सकाळी आईचा फोन आला. आबांना आडवं होता येत नव्हतं, पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. जालन्याला भरती केलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून ते मलाच समजावत होते.

"पह्यल्या दिशी हलकंच घेतलं, माय. चौथ्या दिशी मंग भरपूर. बागेला दिलं तसंच. कायदा सोडून काय न्हाई केलं."

"पण कुणी सांगितलं प्यायला?"

"बागेचा ताण तुटला. माझा कोण तोडणार? तू तर फाईलच करून राह्यली."

आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुझ्या यादीतच असंल."

आबा घरी आले, पण पहिल्यासारखे उठले नाहीत. रुग्णालयाचं पत्र त्यानंतर आलं: तपासणीला या. मी खरं ते कळवलं. सध्या घेता येणार नाही, असं उत्तर आलं. ते आबांना वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे. खुंटच वाळला." मोसंबी लिंबाएवढी झाली होती, तेव्हा ते गेले.

त्या उपचाराने ते जगले असते का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांनाही नाही. म्हणून त्याची हळहळ मी फार करत नाही. माझं मन अडकतं ते डिसेंबरातल्या त्या दुपारी. अजून एवढंच सांगायचं होतं, की आबा, हा ताण कधीच तोडायचा नसतो. एसटी चुकेल म्हणून मी निघाले. फाट्यावर पोचले आणि पाऊण तास गाडीची वाट बघत बसले.