डाव वाटीला लागू नये म्हणून

सातवीतून शाळा सुटली आणि पोटासाठी लातूरकडून इतक्या लांब, अमरावतीला आले. इथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या आणि पंगतीला वाढायचं, हे माझं काम. उजव्या डोळ्यात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, गाठ लहान असती तर किरणांची चकती लावून डोळा वाचवता आला असता. माझी मोठी होती. डोळा काढला, नकली बसवला. दिसायला तो अगदी खरा दिसतो.

पण एका डोळ्याला अंतर कळत नाही. कामावर परतले त्याच दिवशी वरण वाटीऐवजी एका मुलाच्या पँटवर सांडलं. मग मी डाव वाटीच्या कडेला टेकवून ओतायला लागले. एकाने ताटच मागे सारलं. त्याचं चुकलं नव्हतं. उष्ट्या वाटीला लागलेला डाव पुन्हा पातेल्यात जाणार, हे मलाही कळत होतं. आता काम जाणार, ही धास्ती घेऊनच अकोल्याला तपासणीला गेले.

तिथे बाकावर अचलपूरच्या एक शिक्षिका भेटल्या. त्यांना चकती लावलेली. मी बोलून गेले, तुमचं बरं, डोळा आपला राहिला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ऊन सोसत नाही, फळ्यावरची अक्षरं पुसट होत चाललीत.

"तुमचं एकदाचं झालं, बाई. मी रोज सकाळी चांगला डोळा झाकून पाहते, कालच्याएवढं दिसून राहिलं का."

हा कॅन्सर पुढे यकृतात पसरू शकतो, म्हणून पोटाची सोनोग्राफी मात्र दोघींनाही चुकत नाही. नंबर येईपर्यंत आम्ही एकमेकींचा हात धरून बसलो. त्या खेपेला दोघींचीही ठीक आली.

परतल्यावर मेसच्या मालकीण काकूंना मीच म्हटलं, काढायचं असेल तर आत्ताच सांगा.

"तुले काहून काढू? वरणाची चव का तुया डोळ्यात होती?"

मग त्या पंगतीत येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना सांगितलं, वाटी उचलून मावशीच्या डावाखाली धरा, पण डावाला लावू नका.

एक जण म्हणाला, "काकू, उद्या पोळ्याबी आमीच लाटायच्या का?"

"लाटून दाखव. मंग खाऊन बी दाखव."

मुलं हसली. मी डाव एका जागी धरला, वाट्या एकेक करून खाली येत गेल्या. तरी दोन ठिकाणी सांडलंच. ते पुसलं आणि दुसऱ्या पंगतीला वाढायला घेतलं.