सोलापूरहून आणलेला निरोप

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली परगावची सगळी कामं माझ्याकडं आली. तेरला जाऊन शेताच्या वाटेकऱ्याशी बोलायचं, मी. लातूरला चष्म्याची काच बदलायची, मी. चष्मा यांचा, डोळे यांचे, आणि दुकानात उभी मी. "दोघं गेलो तर तीन अर्धी तिकिटं लागतात," असं हे सांगायचे. हिशेब बरोबर असायचा, म्हणून मला धड चिडताही यायचं नाही.

हे पंचायत समितीत कारकून होते. निवृत्त होऊन तीन वर्षं होत आली होती. गल्लीतले लोक यांना पाठीमागं चिकट म्हणायचे आणि एप्रिल उजाडला की तेच लोक आमच्या ओसरीवर बसलेले असायचे. बँकेनं म्हाताऱ्या माणसांच्या ठेवीवरच्या व्याजातून कर कापू नये म्हणून एक फॉर्म भरून द्यावा लागतो. तो हे सगळ्यांना भरून द्यायचे, फुकट. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नको, मग तीच गोळी जेनेरिकच्या दुकानात कितीतरी स्वस्त मिळते, हे गल्लीला यांनीच शिकवलं. भाजी आणायची ती आठवडी बाजार उठताना. मला याचा त्रास व्हायचा का? व्हायचा. पाहुण्यांसमोर अर्धा कप चहा देताना लाज वाटायची. पण मुलीचं इंजिनिअरिंग आणि धाराशिवातलं हे तीन खोल्यांचं घर त्याच अर्ध्या कपातून झालं, हेही मला माहीत होतं.

निवृत्त झाल्याबरोबर यांनी आरोग्य विमा काढला. हप्ता उत्पन्नातून वजा होतो आणि तेवढा कर वाचतो, हे पहिलं कारण. दवाखान्याचा खर्च अंगावर पडू नये, हे दुसरं. अर्जात बीपीचं लिहू नका, हप्ता वाढेल, असं एजंट सांगत होता. हे ऐकले नाहीत. खोटं लिहिलं तर कंपनी ऐन वेळी हात वर करते, म्हणाले. खरं लिहिलं म्हणून अट लागली की बीपी आणि त्यातून होणारी हृदयाची दुखणी यांचा खर्च तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळेल. त्या ओळीखाली यांनी पट्टी धरून शाईची रेघ मारली. ती तारीख आम्हा दोघांनाही पाठ होती.

त्या तारखेला अडीच महिने उरले असताना यांना चालताना धाप लागायला लागली. आधी मला सांगितलंच नाही. मग गावात निम्म्या दरात तपासणी शिबिर आलं, तेव्हा आपण होऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मधेच थांबवलं आणि सोलापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

"तू फाईल दाखवून ये," हे मला म्हणाले. "म्या आलो तर ते लगेच झोपवून घेतील. आधी काय ते विचारून ये."

तिकिटाचं बोलले नाहीत. भ्यालेले होते. पण मी नेहमीसारखी पिशवी घेतली आणि निघाले, यांना बळंच बसमध्ये घालावं असं माझ्या मनातही आलं नाही. इतकी सवय झाली होती मला यांच्या वाटचं जाऊन येण्याची.

डॉक्टरांनी फाईल दोनदा चाळली आणि पेशंट कुठं आहे म्हणून विचारलं. घरी आहेत म्हटल्यावर ते माझ्याकडं बघत राहिले. नळीत अडथळा दिसतोय, अँजिओग्राफी करावी लागेल, बहुतेक स्टेंट टाकावा लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी खर्च विचारला. मग विम्याचं सांगितलं, अडीच महिन्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "माझे वडील असते तर मी आठ दिवससुद्धा थांबलो नसतो. गोळ्यांवर काही जण दोन-तीन महिने काढतात. पण मी खात्री देणार नाही."

परत येताना तुळजापूरला बस भरली. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेलं एक कुटुंब चढलं, माझ्या शेजारी एक बाई परडी मांडीवर घेऊन बसली. मी डॉक्टरांचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. घरात पैसा नव्हता असं नाही. कर वाचवायला पाच वर्षांच्या ठेवीत घातला होता आणि ती ठेव मधे मोडता येत नाही. पण माझ्या पाटल्या होत्या. पुण्याला मुलगी होती, एका फोनवर तिनं पाठवले असते. सरकारी योजनेतून असं ऑपरेशन फुकट होतं, आमच्याच गल्लीतल्या दोघांचे कागद यांनी करून दिले होते. हे सगळं मला त्या बसमध्ये आठवत होतं. आणि तीन हप्ते भरलेत, आता थोडक्यासाठी ते वाया जातील, हेही आठवत होतं.

घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे होते.

"काय म्हणाले?"

"गोळ्यांवर दोन-तीन महिने निघतात म्हणाले. मग करून घ्यायचं."

"बरं झालं," म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "लई भ्यालो होतो म्या."

मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरांचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं मी हातचं राखलं. दहा रुपयांच्या कोथिंबिरीची दोन ठिकाणी चौकशी करणाऱ्या या माणसानं मला पुन्हा काही विचारलं नाही. रात्री पोटभर जेवले.

का राखलं, हे मी मला खूपदा विचारलंय. त्यांना धक्का बसू नये म्हणून, असं म्हणता येईल, आणि ते थोडंसं खरंही आहे. पण आधी पैसा होता. सदतीस वर्षं ज्या चिकटपणाला मी नावं ठेवली, तो माझ्यातही पुरता मुरलेला होता, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

गोळ्यांनी यांना बरं वाटलं. मी पाण्याची घागर यांना उचलू देत नव्हते, तळण बंद केलं होतं. सकाळी चहा घेताना हे सांगायचे, आता चाळीस राहिले, आता तीस. मी पण मान हलवायची. आम्ही दोघं मिळून लग्नाची तारीख जवळ यावी तसे ते दिवस मोजत होतो.

चोवीस राहिले होते तेव्हा हे संध्याकाळी बाजारातून पायी परत येत होते. वाटेत एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसले आणि दुकानदाराकडं पाणी मागितलं. त्यानं पाणी आणेपर्यंत मान कलली होती. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा मी पोचले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाजीची पिशवी मला कुणीतरी घरी आणून दिली.

त्यानंतर सगळीकडं एकच बोलणं झालं. पैशापायी दुखणं अंगावर काढलं. एवढं सगळ्यांना शिकवलं आणि स्वतःला सुधरलं नाही. दीर बोलले, शेजारी बोलले, ज्यांचे फॉर्म भरून दिले तेही बोलले. मी गप्प बसले. गप्प बसणं सोपं होतं, कारण लोकांना ते पटत होतं. यांच्या नावावर अजून एक गोष्ट जमा झाली, एवढंच.

वर्षश्राद्धाला मुलगी आली. पानं वाढायच्या आधी ती काकांशी बोलत होती.

"मला त्यांचा रागच येतो, काका. एक फोन केला असता तर मी पैसे दिले नसते का? आमच्यापेक्षा त्यांना विम्याची तारीख मोठी वाटली."

हातातलं भातवाढणं मी खाली ठेवलं. जेवणं झाल्यावर, माणसं पांगल्यावर, तिला आतल्या खोलीत बसवलं आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. या वेळी पुरं सांगितलं, वडिलांचं आणि आठ दिवसांचं वाक्यसुद्धा. मी घरी येऊन काय सांगितलं तेही सांगितलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं माझा हात धरला.

"आई, तू सगळं सांगितलं असतंस तरी बाबा थांबलेच असते. त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही का?"

"थांबलेही असते," मी म्हणाले. "पण ते त्यांनी ठरवायला पाहिजे होतं, बाई. जीव त्यांचा होता, आणि म्या त्यांना विचारलंच न्हाय."