आपोआप वाढलेली हद्द

उन्हाळ्यात दुपारी दोनला सावंगी पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. रस्ता हलतो, झाडं हलतात, आपली सावलीसुद्धा पायाखाली शिरून बसते. दवाखान्याच्या लाँड्रीतली माझी पाळी त्याच वेळी सुटते. सकाळपासून चादरींची वाफ खाऊन मी घरी येतो, म्हणजे घरमालक काकांकडे. पुढच्या खोलीत अंधार, कूलरचा आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास. थोडा वेळ काहीच दिसत नाही. मग काकांचा पांढरा बनियन दिसायला लागतो आणि त्यातून आवाज येतो, "ये बाबू. चालू कर."

चालू करायचा तो लॅपटॉप. एक शिकाऊ डॉक्टर गाव सोडताना मला देऊन गेला, आत एका खेळासकट. खेळात माणसाने एक नगर वसवायचं आणि ते वाढवत न्यायचं. जमीन मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांच्या घरांत वाटलेली असते. नगराभोवती रंगीत रेघ, ती आपली हद्द. ती दोन तऱ्हेने वाढते. काहीच केलं नाही तर खेळ आपल्या मनाने दर थोड्या वेळाने एक घर जोडतो. नाहीतर साठवलेलं सोनं देऊन आपल्याला हवं ते घर आपण निवडायचं.

मी नेहमी निवडायचो. नदीचं घर, मग टेकडी, मग समुद्र. खेळ आपल्या मनाने भलतीकडे वाळवंटात शिरला की मी साठवलेलं सगळं सोनं ओतून नदीकडे वळायचो. काका हसायचे.

"वाढते तं वाढू दे ना. घाई काऊन करून राह्यला?"

"नदी हातची जाईल काका."

"जात नाई. आन हे निळं एवढं पडीक काऊन ठेवलं?"

"तो समुद्र आहे."

"मंग त्यात काय पेरतेत?"

माझं गाव समुद्राकाठी, इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. मला आपोआप या गोष्टीची भीती का वाटते, ते काकांना कधी सांगितलं नाही. माझी शाळा तशीच सुटली. कुणी काढलं नाही, मी ठरवलं नाही. एक दिवस वडिलांबरोबर होडीवर गेलो, मग आणखी एक दिवस, आणि एका पावसाळ्यानंतर बाकावर माझ्या जागी दुसराच मुलगा बसलेला होता. नववी अर्धी राहिली. तेव्हापासून एखादी गोष्ट आपसूक होत असली की मला वाटतं, आता काहीतरी हातचं जाणार.

या घरात मी आलो तेव्हा मला एक खोली आणि एक खुंटी होती. मी तेवढ्यातच राहायचो. चप्पलसुद्धा आत घ्यायचो. पण माझा टॉवेल काकूंनी एकदा त्यांच्या दोरीवर वाळत घातला, तो तिथलाच झाला. मग स्वयंपाकघरात माझ्या लोणच्याची बरणी, मग अंगणात माझी चप्पल. मी एकही जागा मागितली नव्हती. चार वर्षं या माणसांनी मला असं वाढू दिलं. त्याचे आभार मला नीट मानताच येत नाहीत. आणि रोज धाकधूकही असते, की कुणाच्या लक्षात येईल आणि रेघ मागे घेतली जाईल.

स्वयंपाकघरातल्या फळीवर एक स्टीलचा ग्लास त्या उन्हाळ्यात पालथा पडून होता. तो काकांच्या शेतशेजाऱ्याचा, लहानपणापासूनच्या दोस्ताचा. दोघांची शेतं देवळीच्या रस्त्याला, मध्ये फक्त धुरा. धुरा म्हणजे दोन शेतांमधली न नांगरलेली गवताची पट्टी. दरवर्षी नांगरटीआधी दोघं तो धुरा सोबत चालायचे, काका आपल्या बाजूने, दोस्त आपल्या बाजूने, सरकलेले दगड जागेवर ठेवत. त्या वर्षी काकांचा गुडघा दुखत होता. ते गेले नाहीत, नुसतं ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. ट्रॅक्टर धुऱ्यात शिरला आणि दगडासकट पार पलीकडच्या वावरात हातभर गेला. दोस्ताने चहाला येणं बंद केलं. काका म्हणायचे, मी काय केलं? ट्रॅक्टरनं केलं. पेरणी जवळ येत होती. एकदा तिथं काकांची कपाशी उगवली की ती जमीन आणि तो दोस्त, दोन्ही गोष्टी कायमच्या ठरल्या असत्या. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

त्या दुपारी खेळ काकांच्या हातात होता आणि त्यांचं नगर चांगलं फुगलं होतं. त्यांनी एकही घर निवडलं नव्हतं. रेघ आपल्या चालीने सरकत सरकत शेजारच्या राजाच्या वेशीला टेकली. एकदम तो राजा पडद्यावर आला, कपाळाला आठ्या घालून काहीतरी बोलला. खाली इंग्रजीत ओळ.

"काय म्हणते हा?"

मी बोट ठेवून हळूहळू अर्थ लावला. "म्हणतो, तुमची हद्द आमच्या अंगावर येऊन राहिलीय. आम्हाला हे आवडलं नाही."

"अरे, पण आपण काहीच नाई केलं! थे तं आपोआप..."

काका थांबले.  स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "हेच महिनाभर आयकून राह्यली मी. ट्रॅक्टरनं केलं, ट्रॅक्टरनं केलं. ट्रॅक्टरले जमीन पायजे होती काय?"

काका उठून आत गेले. मला वाटलं, झालं, माझ्या खेळाने घरात भांडण लावलं. संध्याकाळी मी दोरीवरचा टॉवेल काढला, चप्पल आत घेतली, बरणी खोलीत आणून खाटेखाली सरकवली. झोपेत मला आमच्या गावच्या घराची पायरी दिसत राहिली, तिच्यावर भरतीचं पाणी चढत होतं आणि उतरत होतं.

सकाळी दार वाजलं. काका खांद्यावर कुदळ आणि हातात दोरीचं वेटोळं घेऊन उभे. "सुट्टी हाय ना आज? चाल, गाडी काढ."

शेतावर काकांचे ते दोस्त आपल्या बाजूला निंबाखाली बसले होते. जणू रोज तिथेच बसत असावेत.

"आला काय बे? ट्रॅक्टर नाई आणला?"

"नाई. पोट्टा आणला."

"हा तं चांगला दिसते. नांगरते काय?"

"इस्त्री करते."

"मंग कर म्हना धुरा सरळ."

 बोरीचं जुनं खोड ही धुऱ्याची मूळ खूण, ती धरून आम्ही दोरी ताणली. मी दगड उचलून ठेवत गेलो. दोस्त म्हणाले, "आनखी सरक." काका वीतभर आपल्या बाजूला सरकले. "आनखी." पुन्हा सरकले. "आनखी." दगड आता काकांच्या शेतात, चांगल्या काळ्या मातीत आला होता. हे मलाही दिसत होतं. काकांनी नुसती कुदळ मारली.

दोस्तांनी दगडाकडे पाहिलं. मग ओरडले, "लय झालं लेका! ये वापस. तुह्या बापानं एवढं नाई देल्लं मले."

काका दगडावर बसले आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून डोळ्यांवर धरला. घाम होता म्हणाले.

दुसऱ्या दुपारी ग्लास फळीवर सुलटा झाला. चहा ओतता ओतता काकूंनी मला विचारलं, "बरनी कोठी गेली तुही? आन टॉवेल काऊन काढला दोरीवरचा?"

मी खाटेखालची बरणी काढून आणली.

"ठेवजो जागेवर," त्या म्हणाल्या, आणि साखर घ्यायला वळल्या.

पुढच्या खोलीत दोघं म्हातारे पडद्यापुढे बसले होते. काकांनी त्या चिडलेल्या राजाकडे बोट केलं. "बाबू, याचं घर वापस कसं देतेत?"

"तशी सोय नाही काका. एकदा हद्दीत आलं की आलं."

"मंग कच्चा हाय तुहा खेळ," काका म्हणाले. दोस्तांनी मान हलवली आणि फुर्र करून चहा ओढला.

मी अंगणात गेलो. ऊन एवढं होतं की दोरी हवेत लोंबल्यासारखी दिसत होती. मी टॉवेल तिच्यावर पूर्ण पसरला.